देवराई : पूर्वजांनी राखलेली ठेव

॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥

गावोगावी देवळे उभी राहण्यापूर्वी देवाचे ठाणे झाडाखाली होते. पुणे जिल्ह्यातील मुळशी, मावळ, भोर, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात अशी ठाणी आजही दिसतात. शेंदूर लावलेला तांदळा आणि सभोवती दाट झाडी. वाघजाई, काळकाई, शिरकाई, भैरव, म्हसोबा अशा दैवतांच्या नावे राखलेल्या या झाडीस देवराई म्हणतात. तळकोकणात तिलाच देवरहाटी असे नाव आहे. काही ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही अशी श्रद्धा असून तेथे झाडांची सावली हेच देवीचे छत्र होय.

देवराईचा कायदा कोणत्याही दप्तरात लिहिलेला नव्हता. राईत कोयता-कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेले वाळके लाकूडही घरी न्यायचे नाही, हा दंडक होता. फारच निकड पडली तर देवाला कौल लावायचा आणि कौल मिळाला तरच झाडाला हात लावायचा. या धाकामुळे जे अन्यत्र नाहीसे झाले ते राईत टिकले. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, उंबर, सातवीण यांचे जुने वृक्ष तेथे आहेत. गारंबीचा प्रचंड वेल व त्याची हातभराहून लांब शेंग पाहावयाची तर राईतच जावे लागते. मावळातील आजिवली येथील वाघजाईची राई भेर्ली माडांसाठी प्रसिद्ध आहे. राईतील पालापाचोळा कुजून जमीन भुसभुशीत होते, पावसाचे पाणी मुरते, आणि म्हणूनच पुष्कळ गावांचा झरा राईच्या पायथ्याशी असतो.

या ठेवीकडे विद्वानांचे विशेष लक्ष वेधले ते सन १९७० नंतर. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी गावोगाव पायपीट करून देवरायांची पाहणी केली व १९७६ साली त्यावरील लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास श्रीवर्धनजवळील गाणी या गावच्या राईवर तोडीचे संकट आले होते. राई गेली तर ओढा आटेल, हे गावकऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली आणि राई वाचली. साध्या शेतकऱ्यांची ही जाण मोठमोठ्या ग्रंथांच्या तोडीची म्हटली पाहिजे.

सर्वत्र मात्र असे घडले नाही. पानशेत खोऱ्यात धरणाबरोबर रस्ता आला, कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि डोंगर उघडे पडले. पुढे पुणे शहर वाढत मुळशी-मावळपर्यंत आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. शहरालगतच्या टेकड्यांवर झाडे लावली गेली, पण त्यांत गिरिपुष्पासारखी परदेशी झाडेच फार. हिरवेपणा आला, तरी राईतील वेली, फळे व पाखरे त्यामागून आली नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. कित्येक गावी देवराईवर कुऱ्हाड पडली ती देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच. खर्च भागविण्यास लाकूड विकले गेले, सभामंडपासाठी जागा मोकळी केली गेली. हेतू भक्तीचाच होता. परंतु देवाचे नवे घर बांधताना देवाचे जुने घर मोडले गेले. मंडप वर्ष-दोन वर्षांत पुन्हा बांधता येतो, शंभर वर्षांचा हिरडा पैशाने उभा राहत नाही.

आता कायद्याचेही पाठबळ आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीस जैवविविधता समिती नेमून गावच्या वनस्पतींची व प्राण्यांची लोकनोंदवही करावयाची असते. याच कायद्याखाली २०२० साली पुण्याच्या गणेशखिंड उद्यानास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राईची जमीन कोठे वनखात्याच्या, कोठे देवस्थानच्या, तर कोठे खाजगी नावावर असते. यास्तव प्रत्येक गावाने सातबारा उतारा काढून नोंद पाहावी, हद्द कायम करून घ्यावी व वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर झाडांची नावे व उपयोग लिहून घ्यावेत. राईत रिकामी जागा असल्यास राईतल्याच झाडांचे बी तेथे रुजवावे.

देणगीदारांचे नाव देवळाच्या शिळेवर कोरले जाते. राई राखणाऱ्या पूर्वजांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. त्यांची शिळा म्हणजे ती झाडेच. कळसाबरोबर या झाडांचीही राखण गावकऱ्यांच्या व दात्यांच्या हातून घडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.