‘कासाब्लांका’ चित्रपटाविषयींच्या आख्यायिका व अस्सल कागद

जुन्या चित्रपटांचा आस्वाद घेणारा रसिक आणि इतिहासाचा अभ्यासक हे दोघे एकाच माणसाच्या ठिकाणीं सुखानें नांदूं शकतात काय, असा प्रश्न पुष्कळदां विचारण्यांत येतो. रसिकाला गोष्ट हवी असते. अभ्यासक त्या गोष्टीचा आधार विचारतो. इ. स. १९४० ते १९५० या दशकांत हॉलिवुड येथें निघालेल्या चित्रपटांच्या बाबतींत हा प्रश्न विशेष उभा राहतो. कारण त्यांच्या भोंवतीं आत्मचरित्रें, मुलाखती व मागाहून सांगितलेल्या आठवणी यांचें दाट रान माजलेलें आहे. चित्रपट पाहून झाला कीं त्याच्या घडणीची एखादी चमत्कारिक हकीकत कोणी तरी सांगतो, आणि ती मूळ चित्राइतकीच मनांत घर करून बसते. प्रस्तुत लेखांत ‘कासाब्लांका’ या एका प्रसिद्ध चित्रपटाविषयींच्या अशा हकीकती समकालीन कागदांवर घांसून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम कथानक थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. फ्रान्सचा १९४० सालीं पाडाव झाल्यावर फ्रेंच मोरोक्को व्हिशी येथील सरकारच्या अंमलाखालीं राहिला. तेथील कासाब्लांका शहरीं रिक नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ उपाहारगृह चालवितो. युरोपांतून पळालेले निर्वासित तेथें जमतात. लिस्बनला जाण्याचा परवाना मिळविणें हा सर्वांचा एकच ध्यास. पॅरिस येथें रिकनें जिच्यावर प्रेम केलें ती इल्सा आपल्या पतीसह तेथें येते. तिचा पति व्हिक्टर लाझ्लो हा नाझींच्या छळछावणींतून निसटलेला एक पुढारी असतो. रिकजवळ दोन बिनबोभाट परवाने असतात. ते कोणाला द्यावयाचे, हा सर्व पेंच. अखेरीस रिक इल्सेला तिच्या पतीबरोबर विमानांत बसवून देतो व आपण मागें राहतो.

या कथेचें मूळ मरे बर्नेट व जोन अ‍ॅलिसन यांनीं १९४० सालीं लिहिलेल्या व तोंवर रंगभूमीवर न आलेल्या एका नाटकांत आहे. बर्नेट १९३८ च्या उन्हाळ्यांत पत्नीसह व्हिएन्नास गेला होता. ऑस्ट्रिया त्याच वर्षीं जर्मनीनें गिळंकृत केला होता, आणि तेथील ज्यू नातलगांना साह्य करणें हा त्या प्रवासाचा हेतु होता. परततांना दक्षिण फ्रान्समधील एका उपाहारगृहांत नाना देशांचे लोक एकत्र जमलेले व एक कृष्णवर्णी वादक पियानो वाजवीत असलेला त्यानें पाहिला. नाटकाची वाचनप्रत वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेच्या कचेरींत ता. ८ डिसेंबर १९४१ रोजीं, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, पोंचली. पुढील महिन्यांत संस्थेनें तें २०,००० डॉलर देऊन विकत घेतलें. निर्माता हॅल वॉलिस, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, श्रेयनामावलींतील पटकथालेखक ज्यूलियस व फिलिप एप्स्टीन हे बंधु आणि हॉवर्ड कॉक. चित्रीकरण ता. २५ मे १९४२ रोजीं सुरू होऊन ऑगस्टच्या आरंभीं संपलें. पहिला खेळ न्यूयॉर्क येथें ता. २६ नोव्हेंबर १९४२ रोजीं झाला, व सार्वत्रिक प्रदर्शन ता. २३ जानेवारी १९४३ पासून झालें. त्याच सुमारास रूझवेल्ट व चर्चिल खुद्द कासाब्लांका येथें विचारविनिमय करीत होते, हा योग चित्रपटाच्या पथ्यावर पडला.

आतां साधनांचा विचार करूं. या विषयाचीं साधनें दोन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार आठवणींचा. त्या बहुतेक वीस, तीस, चाळीस वर्षांनंतर सांगितलेल्या आहेत. दुसरा प्रकार चित्रसंस्थेच्या दप्तराचा. निर्मात्याच्या चिठ्ठ्या, रोजच्या चित्रीकरणाचीं टांचणें, पटकथेचे निरनिराळे खर्डे, नीतिनियम पाहणाऱ्या मंडळाशीं झालेला पत्रव्यवहार असे कागद त्यांत येतात. हें दप्तर १९७७ सालापासून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ताब्यांत आलें, आणि अभ्यासकांना मूळ कागद पाहण्याची सोय झाली. बखर आणि अस्सल पत्र यांमधील तारतम्य या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तेंच तारतम्य येथेंही लागू पडतें.

पहिली आख्यायिका अशी कीं, रिकचें काम प्रथम रोनाल्ड रेगन यास, म्हणजे पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या नटास, द्यावयाचें ठरलें होतें. हिला आधार एवढाच कीं जानेवारी १९४२ मध्यें संस्थेनें वृत्तपत्रांकडे धाडलेल्या एका जाहिरातवजा बातमींत त्याचें नांव आलें होतें. आपल्या नटांचीं नांवें लोकांच्या डोळ्यांसमोर रहावीं म्हणून अशा बातम्या सोडण्याची त्या काळीं चाल होती. रेगन हा सैन्याच्या राखीव दलांतील अधिकारी असून त्याला लौकरच नोकरीवर रुजू व्हावयाचें होतें, व एप्रिलमध्यें तो झालाही. उलट, ता. १४ फेब्रुवारी १९४२ च्या चिठ्ठींत वॉलिस हम्फ्रे बोगार्टचा विचार करण्यास सांगतो. जॉर्ज राफ्ट या नटानें हें काम नाकारलें, अशीही एक कथा आहे. कागद नेमकें उलट बोलतात. एप्रिलमध्यें राफ्टचें नांव खुद्द संस्थाचालक जॅक वॉर्नर यानेंच पुढें केलें होतें; भूमिका बोगार्टसाठींच लिहिली जात आहे असें सांगून वॉलिसनें तें बाजूस सारलें.

दुसरी आख्यायिका अधिक मोहक आहे. शेवट काय होणार हें कोणासच ठाऊक नव्हतें, इल्सा कोणाबरोबर जाणार हें इनग्रिड बर्गमनलाही अखेरपर्यंत कळलें नाहीं, आणि म्हणूनच तिच्या मुद्रेवर ती विलक्षण द्विधावस्था उमटली, असें सांगतात. बर्गमननें स्वतः अशा अर्थाच्या आठवणी सांगितल्या आहेत, त्यामुळें ही कथा सर्वस्वी टाकाऊ म्हणतां येत नाहीं. पटकथा चित्रीकरण चालू असतांच लिहिली जात होती, हें खरें. परंतु नायिकेनें लाझ्लोबरोबर निघून जावें, हा शेवट मूळ नाटकांतच आहे. शिवाय १९३४ पासून कडकपणें अमलांत आलेल्या नीतिनियमांप्रमाणें विवाहित स्त्रीनें पतीला सोडून प्रियकराबरोबर जाणें पडद्यावर दाखवितां येण्यासारखें नव्हतें. याच मंडळाच्या जोसेफ ब्रीन यानें पोलीस अधिकारी रेनॉ परवान्यांच्या मोबदल्यांत स्त्रियांचा उपभोग घेतो, या भागाविषयींही हरकत घेतली होती. तेव्हां प्रश्न ‘कोण जाणार’ हा नसून ‘ती कशी जाणार, आणि प्रेक्षकाला तें कसें पटणार’ हा होता. शेवट ठरल्यानंतरही बर्गमनचे अनेक महत्त्वाचे प्रसंग चित्रित झालेले आहेत. म्हणजे तिच्या मुद्रेवरील द्विधावस्था अज्ञानाची नसून कलेची आहे. आख्यायिकेनें नटीचें श्रेय योगायोगाला देऊन टाकलें होतें. कागदांनीं तें तिला परत केलें.

तिसरी गोष्ट लहान असली तरी बोधप्रद आहे. ‘पुन्हा वाजव, सॅम’ हें वाक्य या चित्रपटांतील म्हणून जगभर ठाऊक आहे, व १९६९ सालीं तें एका नाटकाचें नांवही झालें. मूळ चित्रांत तें कोठेंच नाहीं. इल्सा सॅमला जुन्या दिवसांसाठीं तें गाणें एकदां वाजविण्यास सांगते. पुढें रिकही तसाच आग्रह धरतो. परंतु या शब्दांत कोणीच बोलत नाहीं. ज्याची ध्वनिमुद्रित प्रत प्रत्येकास ऐकतां येते, अशा वाक्याचीही ही स्थिति. मग ज्यांची प्रत नाहीं अशा शेंदोनशें वर्षांपूर्वींच्या उद्‌गारांवर किती विसंबावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

चौथा मुद्दा कर्तृत्वाचा असून तो सर्वांत गंभीर आहे. हॉवर्ड कॉक यानें १९७३ सालीं असें लिहिलें कीं, मूळ नाटकापासून एक परकें स्थळ व रिक नांवाचा उपाहारगृहाचा मालक यांपलीकडे फारसें कांहीं मिळालें नव्हतें. हें मत पुष्कळांनीं प्रमाण मानलें, आणि बर्नेट व अ‍ॅलिसन हीं दोघें विस्मृतींत गेलीं. वास्तविक उपाहारगृह, पियानोवादक, जुनें गाणें, परवाने, परागंदा पुढारी, पूर्वींची प्रेयसी व अखेरचा त्याग हा सारा सांगाडा नाटकांत आहे. आपल्या कृतीचें श्रेय परत मिळावें म्हणून बर्नेटनें अनेक वर्षें खटपट केली. अखेर १९९१ सालीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, तें नाटक पुन्हा वाचून पाहिल्यावर कॉकनें बर्नेटची तक्रार कांहीं अंशीं रास्त असल्याचें मोकळेपणानें कबूल केलें. कॉकनें बुद्ध्याच खोटें लिहिलें असें मानण्याचें कारण नाहीं. तीस वर्षांत स्मृति आपला स्वतःचा खर्डा तयार करीत असते. परंतु त्या स्मृतीमुळें दोन माणसांचें श्रेय बुडालें होतें. साधनचिकित्सा ही निव्वळ पांडित्याची हौस नसून न्यायाची बाब आहे, हें यावरून दिसून येईल.

याच चित्राचे पाठभेदही झालेले आहेत. १९४३ सालीं आयर्लंडनें आपल्या तटस्थतेला बाध येतो म्हणून त्यावर बंदी घातली, व १९४५ मध्यें काटछांट करून तें दाखविलें. याहून मोठा पाठभेद पश्चिम जर्मनींत १९५२ सालीं झाला. तेथें मेजर श्ट्रासर व नाझींचा सर्व संबंध, सुमारें २५ मिनिटांचा भाग, कापून टाकण्यांत आला. लाझ्लो हा पुढारी न राहतां एक नॉर्वेजियन अणुशास्त्रज्ञ झाला. सबंध चित्र जर्मन प्रेक्षकांस पहावयास १९७५ साल उजाडावें लागलें. ज्या प्रेक्षकांनीं मधल्या तेवीस वर्षांत तेथें ‘कासाब्लांका’ पाहिला, त्यांनीं निराळाच ग्रंथ वाचला, असें म्हणणें भाग आहे.

येथवर आख्यायिका बहुतेक ढांसळल्याच. आतां एक अशी कीं जी कागदांपुढें टिकून राहते. उपाहारगृहांत जर्मन अधिकारी आपलें गीत गाऊं लागतात, तेव्हां लाझ्लोच्या सूचनेवरून वाद्यवृंद फ्रान्सचें राष्ट्रगीत सुरू करतो व सर्व लोक उभे राहून तें गातात. हा प्रसंग चित्रित होत असतां अनेकांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलें होतें, अशी हकीकत एका नटानें मागाहून सांगितली आहे. एरवीं हीही आठवण संशयाच्या पारड्यांत टाकली असती. परंतु त्या दालनांत कोण उभे होते, हें पहावें. श्रेयनामावलींतील चौदा नटांपैकीं अमेरिकेंत जन्मलेले अवघे तीन. श्ट्रासरचें काम करणारा कॉनराड फाइट व पीटर लॉर या दोघांनींही १९३३ सालीं जर्मनी सोडलेला. जुगाराच्या मेजावरील मार्सेल दालिओ हा फ्रेंच ज्यू नट व इव्होनचें काम करणारी त्याची पत्नी मादलेन लबो हीं दोघें जून १९४० मध्यें पॅरिसमधून पळून लिस्बनला पोंचलीं. पुढील प्रवासासाठीं मिळविलेले चिलीचे परवाने बनावट निघाले, आणि मेक्सिकोंत अडकून पडल्यावर कॅनडाच्या तात्पुरत्या परवान्यावर त्यांची सुटका झाली. बल्गेरियन तरुणाच्या भूमिकेंतील हेल्मुट दांटीन यास १९३८ सालीं नाझींनीं छावणींत कोंडलें होतें. गुबगुबीत गालांचा वाढपी झालेला साकाल बुडापेस्टचा. त्याच्या बहिणी पुढें छळछावण्यांत मृत्यु पावल्या. चित्रपटांतील ते बिनबोभाट परवाने तर लेखकाच्या कल्पनेंतले. असले कागद प्रत्यक्षांत कधींच नव्हते. परंतु ते हातीं घेऊं पाहणाऱ्या नटांचे खरे परवाने, खोटे परवाने, आगबोटी व सीमा यांची नोंद आहे. रडणाऱ्याला रडण्याचें कारण होतें, हें कागदांनींच सिद्ध होतें.

हा चित्रपट निघाला तेव्हां ‘अभिजात’ म्हणून निघाला नव्हता. त्या वर्षांतील अनेक युद्धकालीन चित्रांपैकीं तो एक होता. मार्च १९४४ मध्यें त्याला उत्कृष्ट चित्र, दिग्दर्शन व पटकथा यांबद्दल तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं हें खरें. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची आवड ही पुढची गोष्ट आहे. बोगार्ट जानेवारी १९५७ मध्यें वारला. त्याच वर्षापासून केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील ब्रॅटल चित्रगृहांत हार्वर्डचे विद्यार्थी तो पुन्हापुन्हा पाहूं लागले. १९८९ सालीं अमेरिकन राष्ट्रीय चित्रसूचींत पहिल्याच खेपेस त्याची नोंद झाली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. कागद पाहिल्यानें आस्वाद उणावतो काय? आमचा अनुभव उलट आहे. रेगन, राफ्ट व ‘कोणालाच ठाऊक नसलेला शेवट’ या कथा निघून गेल्यानें चित्राचें कांहीं बिघडत नाहीं. उलट बर्नेटची दृष्टि, बर्गमनची कला व वॉलिसचा निश्चय हीं जागच्या जागीं दिसूं लागतात. आणि राष्ट्रगीताचा तो प्रसंग पुन्हा आला म्हणजे नजर नायकनायिकांवरून सरकून मागच्या मेजांपाशीं उभ्या असलेल्या माणसांवर जाते. त्यांतील बहुतेकांचीं नांवें श्रेयनामावलींतही नाहींत. जीं उपलब्ध आहेत तीं तरी नीट टिपून ठेवणें, हें रसिकाचें काम आहे व अभ्यासकाचेंही.