मंत्र, मात्रा, मिनिट

मुंज झालेल्या बटूला संध्या शिकवताना आधी नाक धरायला शिकवतात. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. नाक धरले की प्राणायाम झाला, असे मुलाला वाटते. खरे काम मंत्राचे असते. याज्ञवल्क्यस्मृतीतला प्राणायाम म्हणजे व्याहृती आणि शिर या जोडमंत्रांसह गायत्री तीनदा जपणे. घड्याळ नव्हते, तेव्हा श्वास किती वेळ धरायचा हे मंत्रच सांगत असे.

‘प्राणायाम’ या शब्दातही हे मोजमाप आहे. आयाम म्हणजे लांबी, विस्तार. आवरणे हाही अर्थ त्यात बसतो, पण मला लांबवणे हाच जवळचा वाटतो.

प्राणाचा मान या मोजमापाहून जुना. छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचे श्रेष्ठत्वावरून भांडण लागते. वाणी, डोळे, कान, मन पाळीपाळीने वर्षभर निघून जातात, माणूस जगतो. प्राण निघू लागतो, तेव्हा उमद्या घोड्याने खुंट्या उपटाव्यात तशी बाकीची इंद्रिये मुळासकट ओढली जातात.

हठयोग्यांनी मंत्राच्या जागी मात्रा आणली. ती ठरवायची रीत मला फार आवडते: गुडघ्याभोवती हात फिरवायचा, घाई नाही की रेंगाळणे नाही, आणि चुटकी वाजवायची. ती एक मात्रा. योगतत्त्व उपनिषदात पूरक (श्वास घेणे) 16, कुंभक (धरणे) 64, रेचक (सोडणे) 32 मात्रांचा. हे प्रमाण आज पुस्तकात वाचून कोणी एकट्याने करू नये. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेने तेव्हाच बजावले आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू. नाहीतर तो साधकालाच मारतो. आज सर्रास प्राणायाम म्हणून शिकवली जाणारी कपालभाती त्या ग्रंथात शुद्धिक्रियांमध्ये येते, आठ कुंभकांमध्ये, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांत, नाही.

मग यंत्र आले, आणि ते आपल्या लोणावळ्यात. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 मध्ये कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. गुरू माधवदासजींकडून शिकलेल्या क्रिया त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकासमोर मांडल्या. श्रद्धा तपासणीला घाबरत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले. त्या धैर्याचे ऋण मोठे आहे.

2001 मध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला, आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. कारण साधे: मंत्र म्हणताना श्वास बाहेरच सोडावा लागतो, तोही सावकाश, आणि लांब उच्छ्वासात हृदयाची गती मंदावते. बटूच्या ओठांवरचे घड्याळ प्रयोगशाळेतही चालले.