घाटातलं पाणी

मुंबई-आग्रा रस्त्याने कसाऱ्याहून इगतपुरीकडे निघालं की थळ घाट लागतो. १९८०च्या आसपास, माझ्या लहानपणी, या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभे असलेले ट्रक हमखास दिसायचे. क्लीनर डबा घेऊन झऱ्याकडे पळत असायचा. यातल्याच काही गाड्या पुढे नाशकात द्वारकेजवळ अब्बांच्या रेडिएटरच्या दुकानासमोर येऊन थांबायच्या.

घाट आणि पाणी यांचं नातं जुनं आहे. १८६५ साली जी.आय.पी. रेल्वे या घाटातून चढली. चढ ३७ फुटांना एक फूट. त्या इंजिनांना पाणी लागायचं ते वाफ करण्यासाठी. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले आणि डिझेलची गाडी घाटात नित्याची झाली. तिला पाणी लागायचं ते वाफ होऊ न देता इंजिनाची उष्णता वाहून नेण्यासाठी. पाणी एकच, काम मात्र उलटं.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, तर इगतपुरीच्या उंचीवर साधारण ९८ला. म्हणून रेडिएटरला दाबाचं झाकण असतं. दाबाखाली पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं, की दाब सुटतो आणि पाणी क्षणात उसळून अंगावर येतं. दुकानासमोर एका सोळा वर्षांच्या क्लीनरची छाती अशीच भाजली. त्याला दवाखान्यात पोचवून आल्यावर अब्बांनी पाटीवर खडूने लिहिलं, 'गरम इंजनाचं झाकण उघडू नये.' पुढे तीच ओळ त्यांनी रंगाने गिरवून घेतली.

त्यांचं रोजचं भांडण मात्र पाण्याशीच असायचं. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा जड. रेडिएटर उघडला की नळ्यांत क्षारांचा पांढरा थर दिसायचा. त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. ड्रायव्हर म्हणायचे, "चाचा, पाणी तर फुकट आहे." अब्बा म्हणायचे, "भरताना फुकट आहे बेटा. बिल नंतर येतं."

ते बिल कधी लायनरवर निघायचं. बऱ्याच जड डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याला लागून वाफेचे बारीक बुडबुडे बनतात आणि फुटतात. प्रत्येक बुडबुडा लोखंडाचा कण टिपतो. वाळवी लागल्यासारखी भोकं पडतात, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन बसतं. एकच ट्रक असलेल्या माणसाचा संसारही त्याबरोबर बसतो.

यावर उपाय होता, पण आपण तो परका समजलो. एथिलिन ग्लायकॉल हे द्रव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी १८५०च्या दशकात तयार केलं. विसाव्या शतकात थंड देशांतल्या मोटारींत पाणी गोठू नये म्हणून ते वापरात आलं. आमचे ड्रायव्हर म्हणायचे, "नाशकात कुठे बर्फ पडतो?" पण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावरही १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय कूलंटमध्ये गंज आणि लायनरची झीज रोखणारी रसायनं असतात. जड इंजिनाला खरी गरज त्यांची.

एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. त्यातल्या अनेकांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात आणि ती उष्णताही कूलंटलाच वाहावी लागते. म्हणून निवड आता अधिक जपून करायला हवी. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी दिलेले रंग. त्यावरून गुण कळत नाहीत. गाडीच्या पुस्तकात जे मानक छापलं आहे, तेच डब्यावर बघावं. कारचं कूलंट ट्रकला चालेलच असं नाही. दोन जातींची कूलंट एकत्र केली तर औषधाचा जोर कमी होतो, कधी गाळही धरतो. घट्ट कूलंट पातळ करायला क्षार काढलेलं पाणी घ्यावं. तयार मिश्रणात पाणी घालूच नये. आणि हे द्रव चवीला गोड पण विषारी असतं, तेव्हा जुनं कूलंट गटारात ओतू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. अब्बांची पाटी अजून भिंतीवर आहे. भावाच्या सांगण्यावरून मी तिच्याखाली एक ओळ वाढवली, 'रंग बघून कूलंट घेऊ नये.' कविता म्हणून आयुष्यात पुष्कळ ओळी लिहिल्या. लोक थांबून वाचतात आणि त्याप्रमाणे वागतात, अशी माझी ओळ बहुधा हीच.