राज्यसुरक्षा न्यायालयांचा अस्त : स्ट्रासबुर्गचे निर्णय व तुर्कस्तानचा कायदा

राष्ट्राच्या सीमेबाहेर बसलेल्या न्यायालयाचा निर्णय त्या राष्ट्राचा कायदा कसा बदलतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा करारांच्या कलमांत शोधले जाते. परंतु निर्णय बंधनकारक आहे एवढेच कलम सांगते. ते बंधन केव्हा पाळले जाते, हे इतिहासावरूनच कळते. या दृष्टीने तुर्कस्तानचा अनुभव मननीय आहे.

प्रारंभी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्क न्यायालय हे युरोपीय परिषदेचे अंग होय. युरोपीय संघाचे नव्हे. तुर्कस्तानने मानवी हक्कांच्या करारास १९५४ मध्येच संमती दिली होती; तथापि व्यक्तिगत तक्रारीचा अधिकार १९८७ मध्ये व न्यायालयाची अधिकारिता १९९० मध्ये मान्य केली. संघाच्या उमेदवारीचा दर्जा मात्र डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकी येथे मिळाला. संघाने १९९३ मध्ये कोपनहेगन येथे ठरविलेल्या अटींत कायद्याचे राज्य व मानवी हक्क यांचा समावेश होता, आणि उमेदवाराची प्रगती जोखताना स्ट्रासबुर्गचे निर्णय हेच मोजमाप ठरू लागले. दोन स्वतंत्र संस्थांचे बळ असे एकत्र आले.

१९८२ च्या राज्यघटनेनुसार स्थापन झालेल्या राज्यसुरक्षा न्यायालयांत तीन न्यायाधीशांपैकी एक लष्करी अधिकारी असे. 'इन्जाल विरुद्ध तुर्कस्तान' या खटल्यात ९ जून १९९८ रोजी स्ट्रासबुर्गने असा निर्णय दिला की, लष्कराच्या शिस्तीखाली असलेला न्यायाधीश नागरिकाच्या खटल्यास बसला, तर न्यायालयाच्या निःपक्षपातीपणाविषयी रास्त शंका उरते. वर्षभर घटना होती तशीच राहिली. जून १९९९ मध्ये, कुर्दी नेते अब्दुल्ला ओजलान यांचा खटला चालू असतानाच, ती घाईने दुरुस्त झाली व लष्करी न्यायाधीशाच्या जागी मुलकी न्यायाधीश आला.

त्याच महिन्यात ओजलान यांना देहदंडाची शिक्षा झाली. नोव्हेंबर १९९९ मध्ये स्ट्रासबुर्गने अंमलबजावणी थांबविण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात उमेदवारी मिळाली, आणि जानेवारी २००० मध्ये एजेविट यांच्या सरकारने प्रकरण स्थगित ठेवले. ऑगस्ट २००२ मध्ये शांतताकाळातील देहदंडच रद्द झाला. लोकक्षोभ तीव्र असता सरकारने हे पाऊल उचलले, यावरून सदस्यत्वाच्या आशेचे वजन कळते.

२००२ ते २००४ हा सुधारणांचा बहराचा काळ होय. स्ट्रासबुर्गने दोष दाखविलेल्या खटल्यांच्या फेरसुनावणीची तरतूद झाली. मे २००४ च्या घटनादुरुस्तीने राज्यसुरक्षा न्यायालये मोडीत काढली, आणि कलम ९० मध्ये मूलभूत हक्कांविषयीच्या करारांना देशी कायद्यांहून वरचे स्थान दिले.

परंतु कायदा बदलला म्हणजे न्यायदान बदलले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. माजी संसदसदस्या लेला झाना व त्यांचे सहकारी यांच्या खटल्याविषयी स्ट्रासबुर्गने २००१ मध्ये प्रतिकूल निर्णय दिला होता. त्यांची फेरसुनावणी झाली. तरी एप्रिल २००४ मध्ये पूर्वीचीच शिक्षा कायम झाली. जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. मोडलेल्या न्यायालयांचे काम विशेषाधिकार असलेल्या फौजदारी न्यायालयांकडे गेले. पाटी बदलली; वृत्ती तितक्या त्वरेने बदलली नाही.

२००५ मध्ये सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या व पुढे रखडल्या. २०१८ मध्ये त्या ठप्प झाल्याचे संघानेच नमूद केले. डिसेंबर २०१९ मध्ये उस्मान कावाला यांना मुक्त करावे, असा निर्णय स्ट्रासबुर्गने दिला. तो पाळला गेला नाही, आणि जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तानने कर्तव्यभंग केल्याचे त्याच न्यायालयाला जाहीर करावे लागले. कलम ९० तेच होते, न्यायालयही तेच होते. संघाचे दार मात्र मिटत आले होते.

तथापि केवळ दार उघडे असणेही पुरेसे नाही. बोस्निया-हर्जेगोविनात अध्यक्षमंडळाच्या जागा तीन समाजांपुरत्या राखून ठेवणारी घटना भेदभावाची आहे, असे स्ट्रासबुर्गने २००९ मध्ये ठरविले. २०२२ मध्ये त्या देशास उमेदवारी मिळाली, तेव्हाही ती तरतूद कायमच होती; कारण सत्तेची वाटणीच तीवर उभी आहे.

तात्पर्य, बाहेरचा निर्णय दोष दाखवितो व सदस्यत्वाची आशा त्याला निकड देते; पण तो मनोमन स्वीकारणारे न्यायाधीश आणि राज्यकर्ते देशातच निपजावे लागतात. ते नसतील तर आशेबरोबर निर्णयाचे बळही ओसरते.