रुग्णाच्या घासाचें गणित

ज्वर आला कीं लंघन करावें, आणि ज्वर उतरला कीं आग्रहानें खाऊं घालावें, हा आपल्याकडील जुना परिपाठ. पण अंथरुणास खिळलेल्या देहास अन्न किती लागतें, हें मोजून सांगतां येईल काय?

श्वासोच्छ्वास हें एक मंद ज्वलनच होय, हें फ्रान्समध्यें लाव्हाझिएनें दाखविलें. १७९० च्या सुमारास त्यानें सेगँ या सहकाऱ्याचा श्वास मोजला. श्रमानें व जेवणानें प्राणवायूचा खप वाढतो असें त्यास आढळलें. पुढें १९१९ सालीं अमेरिकेंत हॅरिस व बेनेडिक्ट यांनीं १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मापांवरून विश्रांतींतील उष्णतेच्या खर्चाचें सूत्र बसविलें. त्यांत वजन, उंची व वय हीं घालावयाचीं. स्त्री व पुरुष यांस सूत्रें निराळीं. ६० किलो वजनाच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ४० वर्षांच्या पुरुषाचा हा खर्च दिवसास सुमारें १,४५० कॅलरी येतो.

मात्र हीं सारीं माणसें निरोगी होतीं! १९३० सालीं ग्लासगो येथें कथबर्टसननें दाखविलें कीं, हाड मोडलेल्या रोग्याच्या मूत्रांतून नत्रयुक्त द्रव्यें अधिक जातात. म्हणजे त्याचे स्नायूच झिजत असतात. १९६८ सालीं डड्रिक व त्याच्या सहकाऱ्यांनीं शिरेवाटें संपूर्ण पोषण देण्याचा मार्ग मोकळा केला. १९७९ सालीं लाँग प्रभृतींनीं गुणक सुचविले: अंथरुणांत पडून असल्यास १.२, आणि त्यावर, गंभीर भाजलेल्यास, २.१. या हिशेबानें आपल्या पुरुषाचा आंकडा ३,६०० च्या वर जातो.

परंतु अति तेथें माती. जादा साखर रक्तांत सांचते, यकृतांत मेद जमतो, आणि उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड वाढून श्वासयंत्रावरील रोग्यास यंत्रापासून सोडविणें अवघड होतें. अनुभवानें वैद्यांनीं हात आखडता घेतला. आज अतिदक्षता विभागांत पुष्कळदां किलोमागें २५ ते ३० कॅलरी हा सोपा अंदाज धरतात. आपल्या पुरुषास १,५०० ते १,८००. जेथें साधन आहे तेथें श्वासांतील वायु मोजूनच खर्च ठरवितात. म्हणजे लाव्हाझिएच्याच वाटेनें जातात.

अंदाज उणा पडला तर स्नायू झिजतात, अधिक झाला तर यकृत व श्वास यांवर भार पडतो. म्हणून सूत्रानें आरंभ करावा, आणि रोग्याची स्थिति पाहून तो आंकडा वारंवार तपासावा, हाच या इतिहासाचा बोध होय.