दंतकाष्ठ, मशेरी आणि विकर : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात दंतस्वच्छतेचा इतिहास

प्रस्तावना

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत दंतस्वच्छतेची साधने परिसरातूनच मिळत : करंज व कडुनिंबाची काडी, राखुंडी, मिठागरांतील मीठ आणि तंबाखू भाजून केलेली मशेरी. या साधनांच्या पार्श्वभूमीवर आधुनिक विकर-उपचारांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पारंपरिक साधने

सुश्रुतसंहितेत कडू काष्ठांमध्ये निंब, तुरटांमध्ये खदिर व तिखटांमध्ये करंज श्रेष्ठ मानला आहे. काडी चावून तिच्या कुंचल्याने दातांवरील कीटण घर्षणाने दूर होते. मशेरीचा इतिहास मात्र वेगळा आहे. पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेली तंबाखू पुढे दात घासण्याचे साधन म्हणून घरोघरी, विशेषतः स्त्रियांमध्ये, रूढ झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांचा अभ्यास होता. १९९२ मध्ये केंद्र शासनाने तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली.

विकरांचा मार्ग

१९६५ मध्ये लो व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दात न घासल्यास साधारण तीन आठवड्यांत कीटण साचून हिरड्या सुजतात आणि स्वच्छता सुरू होताच त्या पूर्ववत होतात. कीटणातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे जिवाणू साखरेपासून चिकट ग्लुकन तयार करतात. हे ग्लुकन तोडणारे डेक्स्ट्रानेज हे विकर १९६८ मध्ये हॅमस्टर प्राण्यांवर परिणामकारक ठरले. मानवी प्रयोगांत मात्र तसे यश मिळाले नाही. ग्लुकनातील सर्वच बंध या विकराने तुटत नाहीत, शिवाय तोंडात ते फार काळ टिकत नाही. म्हणून पुढे ग्लुकोज ऑक्सिडेज व लॅक्टोपेरॉक्सिडेज वापरून लाळेच्या नैसर्गिक संरक्षणशक्तीस बळ देणाऱ्या टूथपेस्ट निर्माण झाल्या.

निष्कर्ष

विकर घर्षणाला पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे. १९९२ ची बंदी कारखान्यातील मालापुरती आहे. चुलीवर भाजलेली मशेरी तिच्या कक्षेबाहेर राहते. मशेरी लावणारी स्त्री व्यसन म्हणून नव्हे, तर दात स्वच्छ करण्यासाठी ती लावते, अशी तिची धारणा असते. ही धारणा बदलल्याशिवाय कोणतेही नवे रसायन किनाऱ्यावरील घरापर्यंत पोहोचणार नाही. त्यामुळे दंतआरोग्याच्या प्रश्नात प्रयोगशाळेइतकेच सवयींच्या इतिहासाचे ज्ञानही आवश्यक ठरते.