सूज, तर्क आणि मोजणी

सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत यंत्रमागांवर टॉवेल व चादरी विणल्या जातात. पाळी सुटली म्हणजे सायकली, दुचाकी व मालमोटारी यांची त्या रस्त्यावर एकच गर्दी उडते. अशा वेळीं एखादा कामगार पडून त्याच्या डोक्यास मार लागला, तर आप्तांच्या तोंडीं सहज येणारा प्रश्न हा, कीं ‘डॉक्टरसाहेब, मेंदूची सूज उतरविणारें कांहीं इंजेक्शन नाहीं काय?’ प्रश्न साधा खरा. पण त्याच्या उत्तरामागें मोठा इतिहास आहे, व तो मनुष्याच्या बुद्धीस नम्र करणारा आहे.

घाव एका क्षणांत होऊन जातो. त्यानें मेलेल्या पेशी कोणत्याहि औषधानें परत येत नाहींत. परंतु अनर्थ तेथेंच थांबत नाहीं. पुढें कित्येक तास, कित्येक दिवस दाह वाढतो व मेंदूस सूज येते. कवटी हाडाची, तिच्यांत सुजेस पसरावयास जागा नसते. दाब वाढून रक्ताचा पुरवठा खुंटतो आणि वांचलेल्या पेशीहि मरूं लागतात. हा दुसरा घाव तरी औषधानें टाळावा, ही आशा येथें उत्पन्न झाली.

१९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन दिलें, आणि थोडक्याच दिवसांत ती हिंडूं-फिरूं लागली. १९५० चें नोबेल पारितोषिक या कार्यास मिळालें. १९६१ सालीं मिनेसोटा येथील गॅलिसिच व फ्रेंच यांनीं त्याच वर्गांतील डेक्सामेथासोन मेंदूंतील गांठींभोंवतींच्या सुजेवर वापरलें. तेथें तें गुणकारी ठरलें. आजहि त्याचा तसा उपयोग होतो. मग तर्क पुढें धांवला: गांठीची सूज उतरते, तर माराची कां उतरूं नये? या तर्काच्या बळावर अनेक देशांत डोक्यास मार लागलेल्या रोग्यांस स्टेरॉइडें दिलीं जाऊं लागलीं.

त्याची निर्णायक परीक्षा व्हावयास १९९९ साल उजाडलें. लंडनमधील संशोधकांनीं ‘क्रॅश’ नांवाचा प्रयोग आरंभिला. ४९ देशांतील १०,००८ रोगी त्यांत आले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें त्यांचे दोन वर्ग पाडून एकास ४८ तास मेथिलप्रेड्निसोलोन व दुसऱ्यास तसेंच दिसणारें औषधहीन द्रव्य दिलें. वीस हजार रोग्यांचा संकल्प होता. तो २००४ च्या मे महिन्यांत मध्येंच थांबवावा लागला. दोन आठवड्यांत औषध न घेतलेल्यांपैकीं शेंकडा १७.९ रोगी दगावले होते, घेतलेल्यांपैकीं २१.१!

वाचकांनीं या आंकड्यांपाशीं क्षणभर थांबावें. जेथें शंभरांतून अठरा एरवींच मरतात, तेथें एकवीस मेले तर खाटेशीं उभ्या राहिलेल्या कोणत्या डॉक्टरास तें कळणार? जो वांचला त्याचें श्रेय औषधास गेलें असेल, आणि जो गेला त्याचा दोष दैवास. गांठीभोंवतीं मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाझरलेलें पाणी सांचतें, तर मारानें बहुधा पेशीच फुगतात; हा भेद त्या मोहक तर्कानें झांकला होता.

पुढें प्रोजेस्टेरोनचीहि गत निराळी झाली नाहीं. २०१४ सालीं त्याचे दोन मोठे प्रयोग निष्फळ ठरले. २०१९ सालीं ट्रॅनेक्झॅमिक आम्लानें कांहीं आशा दाखविली. पण तें रक्तस्राव आवरणारें औषध आहे, आणि सौम्य व मध्यम मारांत, तेंहि तीन तासांच्या आंत दिल्यासच, त्याचा लाभ दिसला.

म्हणून, सूज उतरविण्यासाठीं स्टेरॉइड देण्याचें डॉक्टरांनीं नाकारलें, तर आप्तांनीं ती हयगय समजूं नये. श्वास, रक्तदाब आणि वेळेवर शस्त्रक्रिया यांवरच अजून मुख्य भिस्त आहे. त्या नकारामागें दहा हजार अनाम रोग्यांची साक्ष आहे.